पंचवीस डिग्रीची बॅटरी

१९ एप्रिल १९५९, रविवार. सकाळी साडेसात.

पूजा आटोपली. पोथीचा अध्याय झाला. गाडी धुतली. सेल्फ मारला. ‘टक्’ एवढाच आवाज. पुन्हा मारला. या वेळी तेवढाही नाही. बॅटरी गेली.

शांत राहिलो. रोज पोथी वाचणाऱ्या माणसाने बॅटरीसाठी चिडू नये. हँडल मारून पाहिले असते, पण हँडल पहिल्या मालकाकडेच राहिले आहे. बुधाजी आपले हँडल घेऊन आला, लावून पाहिले, बसेना. त्याला म्हटले, तुझी वस्तू माझ्या गाडीला कशी बसेल?

बुधाजी माझा धाकटा भाऊ. घर समोरच. मग त्याने आपली काळी लँडमास्टर काढली. एका झटक्यात सुरू झाली. भावाची गाडी सुरू झाली याचा मला आनंदच आहे. फक्त गाडी सुरू करताना माणसाने समोरच्या घराकडे पाहून हसू नये. तो रोज हसतो.

मला हेवा हा प्रकार ठाऊक नाही. एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

वेणूचे लग्न १७ मेला. वेणू म्हणजे आमच्या गंगाबाईची मुलगी, आमची एकुलती भाची. मामा दोन. थोरला मी, धाकटा बुधाजी. दोन वर्षांपूर्वी मी ही लाल स्पोर्ट्स कार मुंबईच्या एका पारशी शेटजींकडून घेतली, तेव्हा वेणूने टाळ्या वाजवल्या होत्या. म्हणाली होती, मामा, माझी वरात या गाडीतनं न्यायची हां. मी हो म्हटले. आम्हाला मूलबाळ नाही. शब्द दिला तो दिला.

(बुधाजीने लँडमास्टर घेतल्यावर आठच दिवसांनी मी ही घेतली. योगायोग.)

संकल्प: बॅटरी उत्तम घ्यायची. घाई नाही. कुणाचा सल्ला नाही.

२० एप्रिल, सोमवार.

जगन फिटरचा सल्ला घेतला. तो स्टँडजवळ लॉऱ्या दुरुस्त करतो. म्हणाला, मामा, लॉरीच्या जुन्या बॅटरीत नव्या प्लेटी टाकून देतो, हत्ती झोपला असंल तरी उठंल. दुपारी दोघांनी उचलून आणली. माझ्या गाडीत बॅटरीची पेटी सीटांच्या मागे आहे, अरुंद, पाटा-वरवंटाही मावणार नाही अशी. ही कुठली मावते! जगन डोके खाजवून म्हणाला, मामा, एक सीट काढू या का?

त्याला घालवून दिले. गाडीला मुळात सीटच दोन. त्यांतली एक काढली तर वेणू बसणार कुठे? लोक विचारच करत नाहीत.

बायको, गुणाबाई, चहा घेऊन आली आणि उभी राहिली. म्हणाली, अवो, पन वरातीला त्याच्यात… मी तिला थांबवले. म्हटले, बॅटरीचे काम आहे, तुला कळायचे नाही. गेली.

२१ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळी.

गंगाबाई लग्नाचे लुगडे-शालू घेऊन मुंबईहून आली. बुधाजीच्या गाडीतून, ठाण्यावरून. सकाळी पावणेसहाला गेली आणि सव्वापाचला परत आली. मी त्या वेळी सहज खिडकीत होतो. दोन्ही वेळी.

माझ्याकडे आली. म्हणाली, दादा, तू कशाला जीव काढतोस? बुधाजीची गाडी हाय ना. तुजी आपली नाजूक. तू थोरला मामा, तू मांडवात मानानं उभा र्‍हा.

मला फार लागले. पण एवढेच म्हटले की वेणूने मला सांगितले होते, तुला नाही. तीन वेळा म्हटले. शेवटी म्हणाली, बरं बाबा, लाल तर लाल. पन बुधाजीची मागं उभी र्‍हाऊ दे. येळ काय सांगून येती?

मागे उभी राहू दे. हे मला आवडले.

२३ एप्रिल, गुरुवार. हनुमान जयंती.

सूर्योदयाला मारुतीच्या देवळात. देवाकडे काही मागितले नाही. मी मागत नाही. बॅटरीचा विषय फक्त त्याच्या कानावर घातला.

जन्माच्या ऐन वेळी बाहेर दारांची धडधड. बुधाजी गाडीभर म्हाताऱ्या घेऊन आला होता. मी मोजल्या नाहीत, पण सात होत्या. एकेक उतरे आणि त्याच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटे मोडी. मारुतीरायाचेसुद्धा लक्ष तिकडे गेले असावे.

त्यांत भीमाबाई धवलारीण होती. आमच्यात लग्न लागते ते हिच्या धवळ्यांवर. ही लग्नात जे गाते ते पुढे वीस वर्षे गावाच्या तोंडी राहते. म्हणून तिला बाजूला घेतले. वेणूच्या वरातीला लाल गाडी आहे हे सांगितले. रंग कसा, बॉनेट किती लांब, तेही सांगितले. तिने पानाची पिंक टाकली आणि म्हणाली, बगू. जे दिसंल त्ये गाईन.

माझी काही हरकत नाही. दिसेलच.

२५ एप्रिल, शनिवार. मुंबई.

पाच दुकाने पाहिली. एकाने सांगितले, सतरा प्लेटी. दुसऱ्याने, एकोणीस प्लेटी. तिसऱ्याने गाडी कोणती ते विचारले, मग माझ्या धोतराकडे आणि टोपीकडे पाहिले आणि आतल्या माणसाला बोलावून त्यालाही ऐकायला लावले. आतले पाणी कसे आहे ते मात्र एकालाही सांगता येईना.

परतीच्या एस.टी.त मुंब्र्याच्या पुढे एकदम डोक्यात उजेड पडला. बॅटरी म्हणजे शेवटी काय? पाणी. आणि पाणी कुणाला कळते? तीस वर्षे मिठागरात घालवलेल्या माणसाला. बुधाजीने वाटणी झाल्यावर रेतीचा धंदा धरला. त्याला पाणी कळत नाही.

उगीच सहा दिवस फुकट गेले.

२८ एप्रिल, मंगळवार. दुपारी. फार मोठा दिवस.

मिठागरातली डिग्रीची काच घेऊन कासमभाईच्या दुकानात गेलो. पनवेलीत बॅटऱ्या तोच विकतो.

(ही काच पाण्यात सोडली की तरंगते आणि पाणी किती दाट झाले ते सांगते. खाडीचे पाणी कोंडीत आटत जाते. पंचवीस डिग्रीला मीठ धरते, पांढरे, टपोरे. तिसाच्या वर गेले की उरलेले पाणी कडू. ते सोडून द्यावे लागते, नाहीतर सगळी रास नासते. हे मला वडिलांनी शिकवले. त्यांना त्यांच्या वडिलांनी.)

माझ्या पेटीत बसतील अशा दोन बॅटऱ्या निघाल्या. दोन्ही वज्र छाप. एक परवाच आलेली. दुसरी दिवाळीपासून कोपऱ्यात. कासमभाई म्हणाला, काशीरामशेठ, ही ताजी न्या, बिलकूल फुल्ल आहे. ती कोपऱ्यातली बेचारी अर्धी उतरली. न्यायचीच तर आधी दोन दिवस चार्जिंगला लावतो.

मी रबरी फुग्याच्या नळीने दोन्हींचे पाणी काढून उभ्या बरणीत घातले. काच सोडली.

ताजीचे: एकतीस. कडू!

कोपऱ्यातलीचे: पंचवीस. बरोबर पंचवीस. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही.

अंगावर काटा आला. वडिलांची आठवण झाली. दिवाळीपासून ती बिचारी कोपऱ्यात माझी वाट पाहत होती.

कासमभाईने आपली काच काढून दाखवली. तिच्यावर आकड्यांबरोबर लाल-हिरवे पट्टे आहेत. ज्यांना आकडे कळत नाहीत त्यांच्यासाठी असावेत. तो म्हणाला, शेठ, खुदाके वास्ते, हे मीठ नाही, तेजाब आहे. याच्यात जास्त तेच चांगले. मी हसलो. दुकानदार पडून राहिलेला माल खपवतात असे ऐकले होते. हा चांगला माल पाडून ठेवून कडू खपवतो.

नासलेली रास कामगारांनी चुकून उचलू नये म्हणून आम्ही तिच्यावर खूण करतो. सवयीने मी पानाच्या डब्यातला चुना घेतला आणि त्या ताज्या बॅटरीवर मोठी फुली मारली. कासमभाई ओरडला, अरे शेठ, माल माझा आहे! म्हटले, तुझ्याच भल्यासाठी.

पंचवीसची घेऊन आलो. चार्जिंग नको म्हणून सांगितले. पिकलेले पाणी पुन्हा कशाला पिकवायचे?

३० एप्रिल, गुरुवार.

बॅटरी बसवली. गाडी सुरू झाली! तिसऱ्या झटक्याला. पहिले दोन ओळखीचे.

हॉर्न वाजवला. दिवे लावले. भर दुपार होती, पण दिवे असे लागले की समोरच्या घरातून दिसावेत.

गुणाबाईने धोतर आणून दाखवले. मांडीवर तीन भोके. म्हणाली, बॅटरीच्या पान्यानं जळलं. म्हटले, कसर लागली. म्हणाली, कसर काय एका दिवसात लागती? म्हटले, यंदा उन्हाळा फार आहे.

३ मे, रविवार.

रोज आठ वाजता हॉर्न आणि दिव्यांची तपासणी करतो. बुधाजीही आठालाच गाडी काढतो. त्याला इलाज नाही. आज पलीकडून ओरडला, दादा, हॉर्न झक्कास हाय रं तुजा!

याला काय म्हणावे? त्याचे कौतुक मला सहन होत नाही. म्हणजे त्याच्या अंगी खोटेपणा येऊ नये असे मला वाटते.

दुपारी बातमी कळली. बुधाजीची बॅटरीही उतरली होती, म्हणून त्याने परवा नवी आणली. कासमभाईकडूनच. कुणीतरी चुन्याची फुली मारून ठेवली होती म्हणून स्वस्तात मिळाली.

पाच मिनिटे डोळे मिटून बसलो. कडू बॅटरी! माझ्या सख्ख्या भावाच्या गाडीत!

थोरला भाऊ म्हणून सांगणे माझे कर्तव्य होते. विचार केला. सांगितले तर त्याला वाटेल, दादाला हेवा वाटतो. त्यापेक्षा अनुभवाने शिकू दे. चार-सहा दिवसांत बंद पडेल.

५ मे, मंगळवार.

बुधाजीची सुरू झाली. कडू पाणी सुरुवातीला जोर दाखवते.

६ मे, बुधवार.

सुरू झाली.

७ मे, गुरुवार.

त्याची सुरू झाली. माझी कण्हली. रेड्यासारखा आवाज, मग काही नाही, मग पुन्हा रेडा. बऱ्याच वेळाने सुरू झाली. तोपर्यंत बुधाजी रस्त्यात थांबून पाहत होता. म्हणाला, दादा, चार्जिंगला टाकू का? मी स्टँडकडंच चाललोय.

म्हटले, काही गरज नाही. हवेत ओल आहे.

काच टाकली. एकवीस.

पण मिठागरवाल्याला एकवीसची भीती वाटत नाही. एकवीसचे पंचवीस कसे करायचे ते आमच्या रक्तात आहे. ऊन.

संकल्प: उद्यापासून बॅटरी उन्हात.

९ मे, शनिवार.

बॅटरी ओट्यावर, सहाही बुचे काढून. दहा ते चार. मी शेजारी स्तोत्र म्हणत बसतो आणि कावळे हाकतो.

जगन जाता जाता थांबला. म्हणाला, मामा, लोनचं घातलं का काय? वाकून आत पाहिले आणि तोंडच वाकडे केले. प्लेटी उगड्या पडल्यात, म्हणाला, डिस्टिल वाटर घाला मामा, नायतर मरंल ती.

म्हणजे इतक्या कष्टाने आटवलेल्या पाण्यात पुन्हा पाणी घाला! असा माणूस मिठागरात एक दिवस टिकायचा नाही.

१२ मे, मंगळवार.

चोवीस! सूर्यनारायणाला हात जोडले.

बुधाजीची आजही सुरू झाली. आता हे जरा अतीच होते आहे.

१५ मे, शुक्रवार.

हळदीच्या जेवणाची मासळी आणायला गंगाबाईने बुधाजीला करंजाला धाडले. मला विचारले नाही. मी गेलो नसतो. पण विचारायला हरकत नव्हती.

मागच्या सीटवर दोन टोपल्या बोंबील आणि एक सुकटीची घेऊन आला. स्पोर्ट्स कारमध्ये कुणी बोंबील घालील का? घराण्याच्या गाडीची अशी दशा पाहून वाईट वाटले. संध्याकाळी सहज त्या बाजूने गेलो. काचा उघड्या होत्या. वास येतो आहे. थोड्या वेळाने पुन्हा गेलो. येतो आहे.

जेवायला बसलो तेव्हा गुणाबाई म्हणाली, आज लई खुशीत दिसताय.

१६ मे, शनिवार. हळद.

मारुतीला तेल वाहिले. परत येऊन काच टाकली. पाणी तळाशी गेले आहे, काच बुडेल एवढे जेमतेम निघाले. सव्वीस!!

पंचवीसच्या वर एक. देवाने हातचे एक जास्तच दिले.

बॅटरी पेटीत बसवली. सेल्फ मारून पाहिला नाही. सगळी शक्ती उद्यासाठी साठवून ठेवली आहे. बुधाजी उगीच रोज सुरू करून वाया घालवतो.

वेणूला हळद लागली. ओळखू येईना एवढी पिवळी. मला पाहून हसली. म्हणाली, मामा, गाडी तयार? म्हटले, सव्वीस.

गुणाबाई म्हणाली, अवो, येक इचारू का? म्हटले, उद्या वरात गेली की विचार.

१७ मे, रविवार. पहाटे साडेपाच.

आंघोळ, पूजा झाली. नवे धोतर, नवा फेटा. दोन वर्षे हे चित्र डोळ्यांपुढे आहे. गाडीवर झेंडूच्या माळा. हुड खाली घेतलेला. चाकावर माझे हात. शेजारी वेणू, शालू वाऱ्याने उडतो आहे, तो ती सावरते आहे. रस्त्याच्या कडेने लोक. मागे, बऱ्याच मागे, बोंबलाच्या वासाची एक काळी गाडी.

पनवेल ते शिरढोण, वेणूचे सासर, चार-पाच मैल. सावकाश नेईन.

१८ मे, सोमवार. दुपारी.

डाव्या हाताने लिहितो. उजवे मनगट सुजले आहे. आंबेहळद लावली आहे. अक्षर वाईट येईल. कालचे सगळे क्रमाने लिहितो.

लग्न लागले. जेवणे झाली. पाचला गाडी मांडवासमोर ढकलत आणली. वरात निघण्याआधी ढकलली तर चालते. शिरढोणचे वऱ्हाड गोळा झाले. नवरदेव आनंदा तिथल्या शाळेत मास्तर. मुंडावळ्या बांधून उभा. भीमाबाईने सूर धरला. मी देवाचे नाव घेतले. सेल्फ मारला.

टक् नाही. काहीच नाही.

पुन्हा मारला. भीमाबाई गायची थांबली.

वऱ्हाडातला एक म्हातारा म्हणाला, मामांनी गाडी आणलीय का मखर? सगळे हसले. चार पोरे धक्का मारायला पुढे आली. मी आडवा आलो. वेणूच्या वरातीला धक्का मारायचा नाही. अशुभ.

मग बुधाजी आला. फेटा काढून जगनच्या हातात दिला. स्वतःच्या गाडीतली बॅटरी काढून आणली. तिच्यावर माझी चुन्याची फुली. पुसलीही नव्हती.

माझी काढून मांडवाच्या खांबाशी ठेवली. फुलीची माझ्या गाडीत घातली. सीटामागे हात जाईना. पाऊण तास लागला. त्याच्या नव्या सदऱ्याची बाही फाटली. मी पाना धरून उभा होतो. मग सेल्फ.

एका झटक्यात. अशी सुरू झाली की मांडवाच्या झालरी हलल्या. लोक ओरडले. ताशा सुरू झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आले. धूर फार होता.

मी चाकाशी बसलो. वेणू शेजारी येऊन बसली. शालू सावरला. सगळे अगदी तसेच, दोन वर्षे पाहिले होते तसे.

फक्त आनंदा दाराशी उभा होता. म्हणाला, मामा, मी?

मी मागे वळून पाहिले. मागे सीट नाही. मागे बॅटरी आहे.

ताशा थांबला. गंगाबाईने कपाळावर हात मारला. म्हणाली, अरं दादा! बुधाजी मान खाली घालून म्हणाला, आमाला वाटलं, दादानं काय तरी इचार केला असंल. गुणाबाई काहीच बोलली नाही. ती महिनाभर हेच बोलत होती.

कुणी म्हणाले, नवराच चालवू दे. आनंदाला सायकल येते. कुणी म्हणाले, नवऱ्याला काळ्या गाडीत घाला. पण नवरानवरीची वरात दोन गाड्यांतून कुठे असते? आणि काळ्या गाडीत आता बॅटरी कुठे होती? ती माझ्याकडे. ज्या गाडीत बॅटरी तिच्यात जागा नाही, जिच्यात जागा तिच्यात बॅटरी नाही. दिवस मावळायच्या आत नवरीने शिरढोणला माप ओलांडायला हवे. पुन्हा काढायची म्हणजे पुन्हा पाऊण तास.

खांबाशी माझी पडली होती. जगनने ती उचलली. बाटलीभर पाणी ओतले आत. मी पाहत राहिलो. लँडमास्टरमध्ये पाच मिनिटांत बसली. तिथे हात सहज जातो. सेल्फने उचलेना. एवढा जीव नव्हता, ठिणगीपुरता होता. बुधाजीने हँडल काढले.

मी ते त्याच्या हातातून घेतले. कुणी सांगितले नव्हते.

वेणू आणि आनंदा मागच्या सीटवर जाऊन बसले. वेणूने पदर नाकाला लावला. पहिल्या फेऱ्याला काही नाही. दुसऱ्याला हँडल उलटे आले, मनगट गेले. बुधाजी म्हणाला, दादा, सोड, मी मारतो. सोडले नाही. तिसऱ्याला सुरू झाली.

वेणूने खिडकीतून डोके बाहेर काढले. म्हणाली, मामा, तुमी मागनं या हां.

मागून गेलो. शेजारच्या सीटवर रुखवत. पापडांचे दोन डबे, अनारसे, आणि गंगाबाईने मांडीवर घ्यायला सांगितलेली एक बरणी. डाव्या हाताने चाक, उजव्याने बरणी. शिरढोणपर्यंत पुढच्या गाडीची धूळ आणि बोंबलाचा वास.

शिरढोणच्या वेशीवर भीमाबाईने गायले. तिला दिसले ते:

थोरल्या मामानं फिरविला दांडा गो,
धाकल्या मामानं हाकिली गाडी,
दोगांच्या मदी बसली येणू…

आता वीस वर्षे हेच.

लाल रंग आलाच नाही. पण एक गोष्ट कुणीच बोलले नाही, ती इथे लिहून ठेवतो. वेणूची वरात माझ्या बॅटरीवर गेली.

संध्याकाळी साडेपाच.

बुधाजी येऊन गेला. मनगट पाहिले. मी म्हटले, तुझी बॅटरी काढून घे. म्हणाला, र्‍हाऊ दे दादा तुज्याकडंच. तुजी मला चालंल, मी मारीन हँडल. आणि हसला. मी ओट्यावर होतो, म्हणून जवळून पाहिले. तो घराकडे पाहून हसत नाही. माझ्याकडे पाहून हसतो. बहुधा इतकी वर्षे माझ्याकडेच पाहत असावा.

यावर काही लिहिणार होतो. हात दुखतो.

गाडी काढली. एका झटक्यात सुरू. बाजूची सीट रिकामी. गुणाबाईला म्हटले, चल, विरूपाक्षाच्या देवळात जाऊन येऊ. ती म्हणाली, दोन वरसं झाली, आज बोलावताय? पण लुगडे बदलून आली. बसली. हात कुठे ठेवावा ते तिला कळेना. मग तिला हॉर्न सापडला.

निघण्याआधी बुधाजीच्या बॅटरीचे पाणी काढून डिग्रीची काच टाकली. एकतीस. पुन्हा टाकली. एकतीस.

काच बिघडली असावी.